सायकलविषयी पाच वाक्ये, इंग्रजीत!

वाचकहो, आपल्या घरात आठवी-नववी-दहावीला शिकणारे पोर असेल तर आज संध्याकाळी एवढे करून पाहा. त्याला समोर बसवा आणि म्हणा, 'बाळा, तुझ्या सायकलविषयी इंग्रजीत पाच वाक्यं बोल बरं. पुस्तकातली नकोत, तुझी तू बोल.' बहुतेक घरांत काय होईल ते आम्ही आताच सांगतो. पोर आधी हसेल, मग खाली पाहील, मग गाइडातला निबंध आठवू लागेल. सायकलला दोन चाके असतात, सायकल हे उपयुक्त वाहन आहे, सायकलीने प्रदूषण होत नाही. ही तीन वाक्ये झाली की गाडी पंक्चर! आपली सायकल कोणी आणली, ती नवी की जुनी, काल रस्त्यात चेन पडली तेव्हा काय केले, यातले एक अक्षर त्याला इंग्रजीत सांगता येणार नाही.

म्हणजे साक्रीचे पोर मठ्ठ आहे का? मुळीच नाही. हाच प्रश्न अहिराणीत विचारा. 'मनी सायकलनी चेन पडी गयी' इथपासून जी गोष्ट सुरू होईल ती तुम्हीच 'बस कर बाबा' म्हणेपर्यंत थांबणार नाही. सांगायला भरपूर आहे. फक्त ते इंग्रजीच्या तासाला सांगायचे असते, हे त्याला आजवर कोणी सांगितलेले नाही.

आपल्या राज्यात मराठी शाळांतून पूर्वी पाचवीपासून इंग्रजी शिकवत. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, सन २००० च्या जूनपासून, ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे आजचे दहावीचे पोर दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. दहा वर्षांत माणूस विहीर खोदतो, बाग लावतो, लेकीचे लग्न करतो. या पोराला पाच वाक्ये बोलता येऊ नयेत? हे दुखणे फक्त आपल्याच तालुक्याचे नाही. देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलांची 'असर' ही पाहणी २०२३ साली झाली. तीत इंग्रजी वाक्ये वाचता येणारी मुले ५७.३ टक्के निघाली, आणि वाचता येणाऱ्यांतही त्या वाक्यांचा अर्थ सांगू शकणारी सुमारे तीन चतुर्थांशच. वाचता येते पण कळत नाही, कळते पण बोलता येत नाही, अशी ही उतरंड आहे. बोलण्याची पाहणी करायला गेलो तर काय हाती लागेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

शब्द तर आधीच तोंडात आहेत

आता सायकलच का, असे कोणी विचारील. कारण सोपे आहे. सायकल ही आपल्या पोरांच्या आयुष्यातली बहुधा एकमेव वस्तू अशी आहे, की जिचा निम्मा संसार इंग्रजी शब्दांनी भरलेला आहे आणि ते सगळे शब्द पोरांना पाठ आहेत. हँडल, ब्रेक, पायडल, चेन, फ्रीव्हील, टायर, ट्यूब, रिम, स्पोक, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, सीट, बेल, पंप, पंक्चर. मोजा, सोळा झाले. पंक्चरवाल्याच्या टपरीसमोर अर्धा तास उभे राहिलेल्या पोराला आणखी दहा सांगता येतील. हे शब्द त्याला कोणी फळ्यावर लिहून दिले नाहीत. हाताला काळे तेल लागले आणि शब्द तोंडात बसले. भाषा अशीच शिकायची असते.

शब्द आहेत, मग अडते कुठे? अडते वाक्यात, आणि तेही ठरावीक ठिकाणी. आपण सायकलही 'चालवतो' आणि ट्रॅक्टरही 'चालवतो'. इंग्रजीत सायकल 'राइड' करतात, ट्रॅक्टर 'ड्राइव्ह' करतात. आपले पोर बेधडक 'आय ड्राइव्ह सायकल' म्हणते. आपण पंक्चर 'काढतो', जणू पायातला काटा. इंग्रज ते 'मेंड' करतो किंवा 'रिपेअर' करतो. आपली चेन 'पडते', त्याची 'कम्स ऑफ', म्हणजे सुटून येते. आपण चाकात हवा 'भरतो', तो टायर 'पंप अप' करतो. बहिणीला कॅरिअरवर बसवून आणले तर आपण 'डबलसीट' म्हणतो. शब्द दोन्ही इंग्रजी, पण इंग्लंडातल्या माणसाला त्याचा बोध होणार नाही. तिकडे 'आय कॅरीड माय सिस्टर ऑन द बॅक' असे काहीतरी म्हणावे लागेल. आणि सर्वांत मोठा घोटाळा 'बाईक'चा! आपल्याकडे बाईक म्हणजे मोटारसायकल. इंग्लंडात नुसते बाईक म्हटले तर ऐकणारा बहुधा सायकलच समजेल. मुलाखतीला बसलेला आपला पोरगा 'आय हॅव अ बाईक' म्हणतो तेव्हा तो एक सांगत असतो आणि समोरचा दुसरेच ऐकत असतो. उच्चाराचेही तसेच. 'मोटारसायकल'मध्ये 'सायकल', पण 'बायसिकल'मध्ये 'सिकल', आणि जोर पहिल्या 'बाय'वर. ही सगळी व्याकरणाची सूत्रे नव्हेत, वापराच्या सवयी आहेत. सूत्र पाठ होते, सवय लावावी लागते, आणि ती बोलूनच लागते.

येथे अहिराणीचा एक फायदा ध्यानात घेण्यासारखा आहे. मराठीत मुलगा 'जातो' म्हणतो, मुलगी 'जाते' म्हणते. अहिराणीत दोघेही 'मी शाळामा जास' असेच म्हणतात, आणि इंग्रजीतही दोघांचे 'आय गो टु स्कूल' सारखेच. म्हणजे या जागी आपल्या पोराची घरची बोली इंग्रजीला मराठीपेक्षा जवळ आहे! पण वर्गात अहिराणीचा शब्द निघाला की पोरं हसतात, मास्तर डोळे वटारतात. घरची बोली तोंडातच दाबली, शाळेची मराठी उसनी, आणि त्यावर तिसरी इंग्रजी. पाया दाबून माडी कशी चढायची? आमचे म्हणणे असे, की सायकलची गोष्ट पोराने आधी अहिराणीत सांगावी, मग मराठीत, मग इंग्रजीत. पिंपळनेरच्या पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात कोकणी, भिल्ल, मावची मुलांनी आधी आपापल्या बोलीत सांगावी. गोष्ट एकदा जिभेवर आली की भाषा बदलणे अवघड जात नाही. गोष्टच नसेल तर भाषा काय करणार?

मास्तरांना माहीत नसलेली गोष्ट

आपल्या वर्गात इंग्रजी बोलण्याचा सराव म्हणून काय चालते? मास्तर हातात पेन धरतात आणि विचारतात, हे काय आहे? साठ पोरं एका सुरात ओरडतात, 'धिस इज अ पेन.' आता पेन आहे हे मास्तरांना दिसते, पोरांना दिसते, खिडकीबाहेरच्या बकरीलाही दिसते. ज्याचे उत्तर सर्वांना आधीच ठाऊक, तो प्रश्नच नव्हे. ती नुसती कवायत झाली. बोलणे केव्हा सुरू होते? विचारणाऱ्याला माहीत नसते आणि सांगणाऱ्याला माहीत असते तेव्हा.

आणि येथेच सायकल कामाला येते. आपले कितीतरी शिक्षक धुळ्याहून अप-डाउन करतात. भाडण्याहून किंवा दातर्तीहून सायकलीवर येणारी मुलगी कोणत्या वाटेने येते, महामार्ग कुठे ओलांडते, कोणत्या वळणावर कुत्री अंगावर येतात, पावसाळ्यात चिखलात चाक कुठे रुतते, हे मास्तरांना माहीत नसते. मग त्यांनी ते खरोखर जाणून घेण्यासाठी विचारावे. मुलगी मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, पण खरे उत्तर देईल. 'देअर इज बिग रोड. मेनी ट्रक्स. आय गेट डाउन अँड वॉक.' या वाक्यांत चुका असतील, असू द्या. पहिल्या प्रथम मास्तरांना तिच्याकडून काहीतरी नवे कळले, हे महत्त्वाचे. चूक लगेच तोंडावर मारू नये. तिचे सांगून झाले की शेवटी दोन दुरुस्त्या सांगाव्या. सायकल शिकणाऱ्याला आपण धावत मागून सीट धरून ठेवतो. दर पायडलला थांबवून 'पाय चुकला' म्हणत बसलो तर तो आयुष्यात शिकणार नाही.

हे काही आम्ही जगावेगळे सांगतो आहोत असे नाही. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगलोर-मद्रासकडच्या साध्या शाळांत असाच प्रयोग केला होता. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून त्यांनी मुलांसमोर रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे असली कामे ठेवली आणि ती इंग्रजीतून सोडवायला लावली. काम सोडवता सोडवता भाषा येते, असा त्यांचा सिद्धांत. पुढे जगभरच्या भाषाशिक्षकांनी त्याची दखल घेतली. आणि परदेशी शिक्षणासाठी जी आयईएलटीएस परीक्षा लागते, तिच्यात तरी काय असते? बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. मधल्या भागात हातात एक कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायला. विषय असतात घर, गाव, प्रवास, आवडती वस्तू असे रोजचेच. हजारो रुपये मोजून शहरातली मुले ज्याची तयारी करतात, ते आपल्या शाळेच्या पटांगणात सायकलीभोवती उभे राहून फुकट होण्यासारखे आहे.

फक्त प्रश्न आपल्या मातीतले हवेत. शहरी पुस्तकांत सायकलवरचे प्रश्न असे असतात: तुम्हाला सायकल चालवायला आवडते का? व्यायाम म्हणून किती चालवता? साक्रीच्या मुलीला 'आवडते का' हे विचारण्यात काय हशील? तिला शाळेत पोचायचे असते. तिला विचारा: सायकल कोणी शिकवली? नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायला लागलीस तेव्हा किती वर्षांची होतीस? किती वेळा पडलीस? घरात सायकल एक आणि शिकणारे तीन, मग कोण कोणत्या दिवशी नेतो? ब्रेक लागत नसेल तर उतारावर काय करतेस? या प्रश्नांत भूतकाळ आला, वर्तमानकाळ आला, 'जर-तर'ही आले. सबंध व्याकरण आले, आणि पोरांना कळलेही नाही.

मुलींची सायकल

आता तुम्ही म्हणाल, सायकली राहिल्यात कुठे? ज्याला पाहावे तो मोटारसायकलवर. खरे आहे. मिसरूड न फुटलेली पोरं बापाची गाडी घेऊन फाट्यावर फिरतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात, अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हे किती बापांना ठाऊक आहे? पण पोरींच्या हाती गाडी कोणी देत नाही. सायकल आज उरली आहे ती मुख्यतः मुलींची.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात २०११ पासून १२५ मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना. रक्कम आधी ३,५०० रुपये होती, २०२२ साली ती ५,००० झाली. बिहारने असेच २००६ साली नववीच्या मुलींसाठी केले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास करून २०१७ साली प्रसिद्ध केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगा-मुलगीतली तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. त्याही आधी, १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या काळात साक्षरता मोहिमेलाच सायकलची जोड दिली गेली. अक्षर शिकणाऱ्या हजारो बायका सायकलही शिकल्या. अक्षर आणि चाक यांचा संबंध असा जुना आहे.

सायकल मुलीला शाळेच्या फाटकापर्यंत आणते. पण फाटकाच्या आत काय? बारावी होऊन ती धुळ्याला, नाशिकला, पुण्याला जाईल. नर्सिंगला जाईल, कंपनीत मुलाखत देईल. तिथे समोरचा विचारील, 'टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ.' स्वतःविषयी काहीतरी सांगा! त्या क्षणी गाइडातला निबंध कामाचा नाही. पण तीन वर्षे पहाटे उठून, महामार्गावरच्या ट्रकांच्या कडेने सायकल हाकत शिकले, चेन पडली तर स्वतः चढवली, धाकट्या बहिणीला मागे बसवून आणले, एवढे जरी तिने चार सरळ वाक्यांत सांगितले तरी समोरचा मान वर करून ऐकेल. तिच्याजवळ भांडवल आहे. ते बाहेर काढायची सवय शाळेने लावायची आहे.

वीस गुणांचे काय होते?

आता मुख्य मुद्दा. आमच्या या सूचनेला नवे अनुदान लागत नाही, नवे पुस्तक लागत नाही, मंत्रालयात खेटे घालायला नकोत. तरतूद आधीच आहे. दहावीला भाषेचा पेपर ८० गुणांचा आणि २० गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे. मधे २०१८-१९ साली भाषांचे हे २० गुण बंद केले होते. त्या वर्षी दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला, ओरड झाली, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते गुण परत आणले गेले.

ओरड कशाची झाली पाहा. गुण गेले म्हणून झाली; बोलणे गेले म्हणून कोणी रडले नाही! कारण बोलणे मुळात होतेच कुठे? तोंडी परीक्षा कशी उरकली जाते, हे आजी-माजी विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. नाव विचारले, एक कविता म्हणवली, फार तर एक उतारा वाचून घेतला, आणि वीसपैकी अठरा. काही ठिकाणी तेवढेही नाही. यादी समोर घेऊन आकडे भरले की झाले. पोर खूष, पालक खूष, शाळेचा निकाल चांगला. फसले कोण? तेच पोर, पण ते त्याला पाच वर्षांनी मुलाखतीच्या खुर्चीत कळते. मग ते गल्लीतल्या 'तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी'च्या क्लासात बापाच्या कांद्याचे पैसे भरते.

शिक्षक म्हणतील, साठ पोरांच्या वर्गात प्रत्येकाला बोलायला वेळ कुठला? हिशेब करू. साठ पोरं गुणिले दोन मिनिटे म्हणजे १२० मिनिटे. चार तासिकांचे काम. अख्ख्या वर्षात चार तासिका निघत नाहीत? आणि सरावासाठी तर मास्तरांची गरजही नाही. बाकावरच्या दोघांनी एकमेकांना विचारायचे, आठवड्यातून दहा मिनिटे. ज्याच्याकडे सायकल नाही त्याने विचारायचे, ज्याच्याकडे आहे त्याने सांगायचे. दुसरा आक्षेप, आम्हा शिक्षकांनाच इंग्रजी बोलायचा सराव नाही. हे प्रामाणिक बोलणे झाले आणि त्यात लाज नाही. तर मग मास्तरांनीही आपल्या पहिल्या सायकलची गोष्ट वर्गात इंग्रजीत सांगावी. मास्तर अडखळतात आणि तरीही बोलतात, हे पाहून पोरांची निम्मी भीती जाईल.

एक खबरदारी मात्र घ्यावी. सायकल सगळ्यांकडे नसते. डोंगरातली, आश्रमशाळेतली मुले पायवाट तुडवतात, कोणी एसटीची वाट पाहत उभे असतात. त्यांच्यावर सायकल लादू नये. त्यांनी पायवाटेविषयी बोलावे, एसटीच्या खिडकीविषयी बोलावे. वस्तू कोणतीही असो, ती पोराच्या रोजच्या जगण्यातली असली म्हणजे झाले.

मुख्याध्यापकांना आमची विनंती इतकीच. यंदाची तोंडी परीक्षा खरी घ्या. पोराला दोन मिनिटे द्या आणि ते शाळेत कसे येते ते इंग्रजीत सांगू द्या. वर्ग ऐकेल, आणि गुण ऐकून मगच मांडा. ज्याला आठ मिळतात त्याला आठच द्या, पण ते परीक्षेच्या दोन महिने आधी सांगा, म्हणजे त्याला बारा करायला वेळ मिळेल. पालकांनीही शाळेत जाऊन 'किती मार्क पडले' एवढेच न विचारता 'माझं पोरगं काय बोललं' हे विचारावे. तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी पोर बोलले की गप्प राहिले, हे कळायला इंग्रजी यावे लागत नाही.